शुक्रवारी रात्री फळीत उभ्या राहणाऱ्या मुलांच्या आईबाबांना

नमस्कार,

ज्यांचा मुलगा यंदा हायस्कूलच्या फुटबॉल संघात ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये निवडला गेला आहे, अशा अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी हे पत्र आहे. आपण संख्येनं थोडे आहोत, पण पूर्वीइतके थोडे राहिलेलो नाही. गेल्या दोन हंगामांत मला या विषयावर पाच घरांतून फोन आले. प्रश्न प्रत्येकीचा तोच: "अगं, तुझा खेळतोय ना? मग आमच्याला पाठवू का?" भाजी फोडणीला टाकता टाकता अशा प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज बसून लिहिते आहे.

मी मूळची कऱ्हाडची. पिट्सबर्गच्या एका उपनगरात 21 वर्षं राहते. मुलगा अकरावीत आहे आणि लेफ्ट गार्ड खेळतो. तो नववीत असताना कोचनं त्याला पाहिलं, खांदे दाबून पाहिले आणि "याला माझ्याकडे द्या" म्हणाला. माझे आजोबा तालमीतले. पोरगं अंगापिंडानं भरलेलं आहे हे कुणी कौतुकानं सांगितलं की आमच्या घरात आनंदच होतो. मला तेव्हा खरंच अभिमान वाटला. आजही वाटतो, हे आधी सांगते. पुढचं वाचून मी खेळाच्या विरोधात आहे असं कुणाला वाटू नये.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टीव्हीवर ज्याच्याकडे सगळे बघतात तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढे पाच जण ओणवे उभे असतात, हीच ऑफेन्सिव्ह लाइन: मधोमध सेंटर, त्याच्या डाव्या-उजव्या हाताला गार्ड, दोन्ही कडांना टॅकल. सेंटर चेंडू पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. तेवढं सोडलं तर या पाचांचा चेंडूशी संबंध नाही. समोरून येणाऱ्याला अडवायचं, हेच त्यांचं काम. त्यांच्या नावावर ना यार्ड लागतात, ना टचडाउन. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मोसमातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब एकदा, 1982 मध्ये, चेंडूला लाथ मारणाऱ्या किकरलासुद्धा मिळाला. ऑफेन्सिव्ह लाइनमनला तो आजवर एकदाही मिळालेला नाही.

मैदानाच्या कडेला उभं राहून हा खेळ बघा, स्टँडमधून नको. मी एकदा सरावाच्या वेळी मुलाची पाण्याची बाटली द्यायला गेले आणि दहा पावलांवरून पाहिलं. मुलगा वाकला, एका हाताची बोटं गवतात रोवली, पाठ ताठ, मान वर. समोरचा मुलगाही तसाच. दोघांच्या हेल्मेटमध्ये हातभर अंतर. स्नॅप झाला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही हेल्मेट एकमेकांवर आदळली. प्लॅस्टिकचा कोरडा, मोठा आवाज झाला. कुणी पडलं नाही, कुणी कण्हलं नाही, शिट्टी वाजली नाही. दोघं मागे सरले आणि पुन्हा वाकले. बाटली हातात धरून मी तिथंच उभी राहिले आणि माझ्यासमोर ते अकरा वेळा झालं.

त्या रात्री मी माइक वेबस्टरबद्दल, म्हणजे आमच्या पिट्सबर्ग स्टीलर्स या एनएफएल संघाच्या जुन्या सेंटरबद्दल, वाचायला बसले. पिट्सबर्गमध्ये इतकी वर्षं राहून मला त्याचं फक्त नाव माहीत होतं.

वेबस्टर विस्कॉन्सिनमधल्या टोमाहॉक या गावचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला. 1974 साली स्टीलर्सनं त्याला पाचव्या फेरीत, 125 व्या क्रमांकावर निवडलं. सेंटरच्या मानानं अंग लहान, म्हणून इतका मागे राहिला. त्यानं व्यायाम करून वजन 255 पौंडांपर्यंत नेलं आणि 15 हंगाम पिट्सबर्गसाठी खेळला. मग दोन हंगाम कॅन्सस सिटीकडून. एकूण 245 सामने. त्याच्या हातून क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉला चेंडू मिळत होता, त्या काळात स्टीलर्सनं सहा वर्षांत चार सुपर बोल जिंकले. इथली जुनी माणसं त्याच्याबद्दल दोन गोष्टी हमखास सांगतात: बर्फ पडत असला तरी त्याच्या जर्सीच्या बाह्या दंडाच्या वर दुमडलेल्या असायच्या, आणि हडल, म्हणजे प्रत्येक खेळीआधीचा संघाचा घोळका, सुटली की तो चालत नाही, धावत चेंडूपाशी जायचा. थकलोय हे समोरच्याला दिसू द्यायचं नाही, म्हणून. लोक त्याला 'आयर्न माइक' म्हणायचे. 52 हा त्याचा नंबर स्टीलर्सनं त्याच्यानंतर कुणालाच दिलेला नाही.

आता हिशेब करून बघा. एका सामन्यात साठेक स्नॅप धरले तरी 245 सामन्यांचे चौदा हजारांच्या वर जातात. हा माझा अंदाज आहे, आणि त्यात सराव धरलेला नाही, शाळा-कॉलेजची वर्षं धरलेली नाहीत. शिवाय तो खेळायला लागला तो काळ वेगळा होता. समोरच्यानं लाइनमनच्या हेल्मेटवर उघड्या हाताची थप्पड मारणं 1977 पर्यंत नियमात बसत होतं. लाइनमननं अडवताना हात लांब करून तळवे उघडे ठेवायची मुभा 1978 मध्ये मिळाली. त्याआधी अडवायला उरायचे खांदे आणि डोकं.

खेळ सोडल्यावर वेबस्टर पन्नाशीच्या आतच ढासळला. घर मोडलं, पैसा गेला. तो आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा, कधी पिट्सबर्गच्या रेल्वे स्टेशनवर. पडलेले दात सुपरग्लूनं चिकटवायचा. अंगातल्या वेदनांनी झोप यायची नाही, म्हणून स्वतःला विजेच्या यंत्राचे झटके देऊन बेशुद्ध व्हायचा. पानांमागून पानं पत्रं लिहायचा. त्यांत अक्षर आणि अर्थ हळूहळू सुटत गेले. त्याचा धाकटा मुलगा शाळकरी वयात बापाला सांभाळायला येऊन राहिला. 1997 मध्ये फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याचं नाव लागलं, तेव्हा भाषण करताना तो वाट चुकल्यासारखा बोलत राहिला. समोर बसलेल्यांना काहीतरी बिघडलंय हे दिसत होतं. 24 सप्टेंबर 2002 रोजी, वयाच्या 50 व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला.

शवविच्छेदन आमच्या ॲलेगेनी काउंटीच्या कॉरोनर कचेरीत झालं. नायजेरियातून आलेल्या डॉ. बेनेट ओमालू यांच्याकडे त्या दिवशी ते काम आलं. मेंदू वरून पाहता साधारण दिसत होता. तिथंच थांबता आलं असतं. ओमालूंनी तो राखून ठेवला आणि स्वतःच्या खिशातून पैसे भरून त्याच्या पातळ चकत्या करून घेतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंतवळे दिसले. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत असं काही सापडतं हे माहीत होतं, फुटबॉलपटूच्या मेंदूत ते कुणी पाहिलेलं नव्हतं. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई. 2005 साली तो शोधनिबंध छापून आला, आणि लीगच्या समितीवरच्या डॉक्टरांनी तो मागे घ्या अशी मागणी केली.

त्यानंतर दोन वर्षांत ओमालूंना हाच आजार आणखी दोन स्टीलर्समध्ये सापडला, आणि दोघंही ऑफेन्सिव्ह लाइनचेच. टेरी लाँग हा गार्ड, पाच हंगाम वेबस्टरच्याच फळीत खेळलेला. त्यानं 45 व्या वर्षी आत्महत्या केली. जस्टिन स्ट्रेल्झिक हा टॅकल. 36 व्या वर्षी पोलिसांचा पाठलाग चालू असताना महामार्गाच्या उलट्या बाजूनं गाडी हाकत तो टँकरवर आदळला. एकाच गावात खेळलेले, एकाच संघाचे, एकच काम करणारे तीन जण. मी हे वाचलं तेव्हा घड्याळात दोन वाजले होते आणि आतल्या खोलीत मुलगा घोरत होता.

कोर्टाचीही हकीगत सांगायला हवी. लीगच्या निवृत्तिवेतन मंडळानं 1999 साली वेबस्टरला पूर्णपणे आणि कायमचा अपंग मानलं होतं, आणि त्याचं कारण खेळताना डोक्याला बसलेला मार, असं त्यांच्याच कागदांत होतं. लीग जाहीरपणे याचा इन्कार करत होती त्याच काळात. वाद राहिला तो अपंगत्व कधीपासून मोजायचं याचा, 1991 पासून की 1996 पासून. मंडळानं स्वतः नेमलेल्या डॉक्टरनंही 1991 म्हटलं होतं. तरी मंडळानं मानलं नाही. वेबस्टरच्या वारसांना रिचमंडच्या अपील कोर्टात न्याय मिळाला तो डिसेंबर 2006 मध्ये. तोवर त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, हे लीगच्या बड्या अधिकाऱ्यानं अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसमोर मान्य केलं ते थेट 2016 साली.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हे जुनं झालं, आता नियम बदललेत. बदललेत, आणि चांगलेच बदललेत. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या 2011 च्या करारानंतर एनएफएलमध्ये नियमित हंगामात पॅड घालून आदळायचे सराव फक्त 14 होतात. दोन खेळाडूंना अरुंद पट्ट्यात समोरासमोर उभं करून भिडवायचं, ती ओक्लाहोमा ड्रिल 2019 मध्ये लीगनं बंद केली. 2022 मध्ये लीगनं हंगामाआधीच्या शिबिरात लाइनमनना हेल्मेटवर मऊ गादीची टोपी सक्तीची केली. डार्टमथ कॉलेजनं तर 2010 पासून सरावात एकमेकांना पाडणंच थांबवलं, आणि 2016 मध्ये आयव्ही लीगनं, म्हणजे डार्टमथ ज्यात आहे त्या जुन्या विद्यापीठांच्या गटानं, हंगामातल्या सरावांसाठी तोच नियम केला.

पण हे सगळं मोठ्यांच्या खेळात झालं. माझ्या मुलाच्या शाळेत ओक्लाहोमा ड्रिल दोन वर्षांपूर्वीपर्यंत चालायची. नाव वेगळं ठेवलं होतं, इतकंच. लाखो डॉलर मिळवणाऱ्या माणसाला हंगामात 14 दिवस, आणि 15 वर्षांच्या पोराला आठवड्यात तीन-तीन दिवस. हे मला पटत नाही, आणि तुम्हालाही पटू नये.

आता माझ्या पत्राच्या गाभ्याशी येते. आपण सगळ्या आया कन्कशनला, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदू हादरण्याला, घाबरतो. मुलगा पडला, डोळे फिरले, उलटी झाली, की आपण धावतो. ते बरोबरच आहे. लाइनमनचा धोका मात्र बहुतांशी तिथं नाही. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये 631 मृत खेळाडूंची माहिती तपासली. सीटीईशी नातं जुळलं ते कन्कशनच्या आकड्याशी नाही, तर आयुष्यभरात बसलेल्या धक्क्यांच्या एकूण जोराशी. त्याच मंडळींच्या 2019 च्या अभ्यासात खेळाच्या प्रत्येक वर्षामागे सीटीईची शक्यता 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे मी पाण्याची बाटली धरून पाहिलेले ते अकरा धक्के, ज्यांत काहीच झालं नाही, तेच मोजायचे आहेत. ते कुठल्याही अपघाताच्या नोंदीत येत नाहीत. मुलाला स्वतःलाही ते लागल्यासारखे वाटत नाहीत.

आकड्यांबद्दल एक सांगायलाच हवं. 2017 साली गाजलेल्या अभ्यासात एनएफएलच्या 111 मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई सापडला. हे वाचून मी हादरले होते. पण ते मेंदू दान करणारी घरं बहुधा आधीच त्रास भोगलेली होती, तेव्हा सगळ्या खेळाडूंचं प्रमाण तेवढं, असा अर्थ काढता येत नाही. त्याच अभ्यासात फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेले 14 जण होते, त्यांतल्या 3 जणांत तो सौम्य रूपात मिळाला. मी दोन्ही आकडे घरात सांगितले, मुलासमोरच. आजार जिवंतपणी खात्रीनं ओळखता येत नाही, हेही सांगितलं. तो गप्प बसून ऐकत होता, मग म्हणाला, "म्हणजे मला कळणारच नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्याकडे झालेला प्रकारही सांगते. मुलगा दहावीत असताना एका सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला उठला आणि समोरच्या संघाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी स्टँडमधून पाहिलं. सहायक कोचनं त्याला बाजूला नेऊन दोन बोटं दाखवली, पाठीवर थाप मारली आणि परत आत पाठवलं. घरी येताना गाडीत त्यानं मला तीनदा विचारलं, आपण जिंकलो का. सोमवारी डॉक्टरांनी कन्कशन म्हणून सांगितलं आणि पाच आठवडे घरी बसवलं. पेनसिल्व्हेनियात 2011 साली कायदा झाला आहे: अशी लक्षणं दिसलेल्या मुलाला ताबडतोब बाहेर काढायचं आणि वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. मला तो कायदा माहीत नव्हता. माहीत असता तर मी कुंपण ओलांडून खाली गेले असते. बहुतेक सगळ्या राज्यांत असे कायदे आहेत. तुमच्या राज्यातला शोधून वाचून ठेवा, शक्यतो पहिल्या सामन्याआधी.

वजनाचंही बोलायलाच हवं, कारण आपल्या घरात ते लवकर पटतं. कोचनं उन्हाळ्यात 30 पौंड वाढवायला सांगितले आणि मी तालमीतला खुराक काढला. दूध, बदाम, तूप, रात्री नऊला पुन्हा भाकरी. आमची मुलं खाताहेत हे बघून आपलं पोट भरतं. पण आपल्या रक्तात मधुमेह आणि हृदयविकार आहे. दक्षिण आशियाई माणसांना हे दोन्ही आजार कमी वजनावर आणि लवकर गाठतात, हे आपले डॉक्टर आपल्याला ऐकवतातच. 2001 च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सचा टॅकल कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघातानं गेला, तेव्हा त्याचं वजन 335 पौंड होतं आणि वय 27. मी खुराक बंद केला. मुलाचं रक्त वर्षातून एकदा तपासते, आणि ऑगस्टच्या सरावाला जाताना त्याला वजन लिहायला लावते, येताना पुन्हा.

एका लाइनमनची गोष्ट मी मुलाला मुद्दाम सांगितली. जॉन अर्शेल, आमच्याच राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठाचा, बाल्टिमोर रेव्हन्सकडून तीन हंगाम खेळलेला, आणि त्याच वेळी एमआयटीत गणितात पीएचडी करणारा. 2015 च्या शिबिरात डोक्याला मार बसला आणि वरच्या पातळीचं गणित त्याला काही काळ जमेना, असं त्यानं स्वतः सांगितलं. तरी तो परत खेळायला उतरला. 2017 च्या जुलैत, 111 मेंदूंचा तो अभ्यास छापून आला त्याच्या दोनच दिवसांनी, वयाच्या 26 व्या वर्षी त्यानं खेळ सोडला. आज तो एमआयटीत शिकवतो. मला यात आवडतं ते असं, की त्यानं खेळाला नावं ठेवली नाहीत. मुलाला मात्र वेगळंच आवडलं. "त्याचं त्यानं ठरवलं," म्हणाला.

आमच्या घरात सध्या ठरलंय ते असं. तो हायस्कूल संपेपर्यंत खेळेल, कॉलेजात नाही. धाकटा 14 वर्षांचा होईपर्यंत झेंडेवालं, न आदळता खेळायचं फ्लॅग फुटबॉलच खेळेल. हे बरोबरच आहे असा माझा दावा नाही. माझी जाऊ नर्स आहे, तिला मी मोठ्याला खेळू देते हेच मान्य नाही, आणि तिच्या म्हणण्यात दम आहे. पण शुक्रवारी रात्री दिव्यांखाली पाच पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, मागच्या एकाला हात लागू देत नाहीत, आणि सामना संपल्यावर त्यांतला एक जण माझ्या मुलाला उचलून धरतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी त्याला दुसरीकडून आणून देऊ शकले नाही.

तुमच्याकडे मागणं आहे ते त्या न मोजलेल्या धक्क्यांचं. पालकसभेत कोचला विचारा, आठवड्यात पूर्ण आदळण्याचे सराव किती आणि किती मिनिटं. उत्तर "गरजेप्रमाणे" असं आलं तर आकडा मागा. एनएफएलचे 14 दिवस त्याला सांगा, डार्टमथ सांगा. एकट्या बाईनं विचारलं की "तुम्हाला खेळ कळत नाही" असं होतं, मला झालंय. चार घरांनी मिळून विचारलं तेव्हा आमच्याकडची ती ड्रिल बंद झाली, आणि मंगळवारचा सराव हेल्मेटशिवाय व्हायला लागला.

आणि सामन्याला जाताना एक छोटी वही न्या. मुलगा मैदानात असताना दर स्नॅपला एक रेघ ओढायची, चार झाल्या की पाचवी आडवी, आपण किराण्याच्या पोत्यांची मोजदाद करतो तशी. मी गेल्या वर्षी सुरू केलं. पहिल्या शुक्रवारी 52 झाल्या. वेबस्टरच्या जर्सीवरचा आकडा. घरी आल्यावर मुलानं वही बघितली, काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यापासून तो सरावाचा आकडा स्वतः सांगायला लागला. हंगाम संपला तेव्हा वहीत सामने आणि सराव मिळून 1,940 रेघा होत्या.

हा आकडा मी शाळेच्या बोर्डापुढे नेणार आहे. माझ्या एकटीच्या वहीला तिथं फारशी किंमत नाही. येत्या हंगामात तुमची वही भरली की तुमचा आकडा, मुलाची इयत्ता आणि तो कुठल्या जागी खेळतो, एवढं मला कळवा. मुलाचं नाव नको. नोव्हेंबरच्या शेवटी सगळे एका कागदावर उतरवून मी तो प्रत्येक घराला पाठवेन, म्हणजे तुम्हालाही तुमच्या बोर्डापुढे तो ठेवता येईल.

तुमचीच,
लेफ्ट गार्डची आई
पिट्सबर्ग